बेटावर दोघांनीच काय करायचे?

तापीकाठच्या एका गावातील एक्कावन्न वर्षांचे केळी उत्पादक शेतकरी लिहितात: पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीने आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसानिमित्त रत्नागिरी जिल्ह्यातील एका खाडीत असलेल्या खासगी बेटावर आम्हा दोघांसाठी एका रात्रीचा मुक्काम ठरवला आहे. बेटावर एकच घर आहे आणि त्या रात्री दुसरे पाहुणे नसतील. तारीख डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली आहे. आमचे एकत्र कुटुंब आहे. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची असून तिला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, आणि त्याच सुमारास कांदेबागेच्या केळीची कापणी आहे. एका रात्रीसाठी इतका प्रवास आणि मुलीच्या पगारातले इतके पैसे मला पटत नाहीत. मुक्काम रद्द करावा, किंवा घरातल्या दहाही जणांनी मिळून जावे म्हणजे पैसे वसूल होतील, असे मनात आहे. आजवर सप्तशृंगी, पंढरपूर, ओंकारेश्वर सगळीकडे आम्ही मिळूनच गेलो. खरे सांगायचे तर दोघांनीच तिथे एवढा वेळ काय करायचे, हेच सुचत नाही. काय करावे?

प्रिय वाचक,

तुमचे मूळ पत्र चार पानांचे आहे. त्यातले दीड पान केळीवर, एक पान आईंच्या तब्येतीवर, अर्धे पान खर्चावर आणि उरलेले प्रवास, बोट व पाणी यांवर आहे. हे सारे विषय खरे आहेत आणि त्यांच्याविषयी मी पुढे लिहिणारच आहे. परंतु पत्र दुसऱ्यांदा वाचताना मी हातात पेन्सिल घेऊन एक गोष्ट शोधत होते आणि ती मला सापडली नाही. या बेटाविषयी तुमच्या पत्नी काय म्हणाल्या, हे त्या चार पानांत कुठेही नाही. त्यांचा उल्लेख तीनदा येतो: एकदा त्यांचे गुडघे दुखतात म्हणून, एकदा आईंच्या गोळ्यांच्या वेळा त्यांनाच ठाऊक असतात म्हणून, आणि एकदा तुम्हाला कोकणातले जेवण रुचणार नाही, तेव्हा त्यांना सोबत कळण्याच्या भाकरी करून घ्याव्या लागतील म्हणून. मुलीने फोनवर बातमी सांगितली तेव्हा त्या हसल्या, घाबरल्या की पदराला हात पुसत आत निघून गेल्या, हे तुम्ही लिहिलेले नाही. पत्राचा एकंदर सूर इतका सरळ आहे की तुम्ही ते मुद्दाम वगळले असेल असे मला वाटत नाही. तुम्ही त्यांना विचारलेच नसावे.

आता तुमच्या शेवटच्या वाक्याकडे येते, कारण माझ्या समजुतीप्रमाणे पत्र त्या वाक्यासाठीच लिहिले गेले आहे आणि केळी, गोळ्या, खर्च ही त्याच्यापुढे रचलेली पोती आहेत. दोघांनीच एवढा वेळ काय करायचे हे सुचत नाही, असे तुम्ही म्हणता. हे वाक्य लिहायला तुम्हाला चार पाने लागली याचे मला नवल वाटत नाही, कारण आपल्याकडे असे कोणी बोलून दाखवत नाही. माझे बालपण धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या घरात गेले. उन्हाळ्यात दिवसा पारा पंचेचाळिसाला टेकला की रात्री सगळे घर अंथरुणे घेऊन धाब्यावर जाई. एका अंगाला आजी, काकू आणि आम्ही मुले, दुसऱ्या अंगाला पुरुषमंडळी, आणि हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ शेजाऱ्यांचे धाबे. त्या झोपण्यात मोठी ऊब होती आणि आजही चांदण्या पाहिल्या की मला त्या गोधड्यांचा वास येतो. परंतु नवरा आणि बायको या दोन माणसांनी एकमेकांशी निवांत बोलावे अशी जागा त्या घरात कुठेही नव्हती, आणि अशी जागा असावी असे कोणाच्या मनातही नव्हते. पुढे धाबे जाऊन स्लॅब आला, खोल्या निघाल्या, दारांना कड्या बसल्या. बोलण्याची रीत मात्र जुन्या घरातलीच राहिली. तुम्ही दोघांनी पंचवीस वर्षे खत, मजुरी, पाहुणे, दुखणी, शाळेच्या फिया आणि नात्यातली लग्ने यांविषयी रोज बोलून एवढा संसार उभा केला आहे. त्या बोलण्यात नेहमी कोणी तिसरा विषय किंवा कोणी तिसरे माणूस होते, आणि ते काढून घेतल्यावर काय उरेल याची तुम्हाला धास्ती वाटते. उरणारच नाही काही, असा निष्कर्ष तुम्ही आधीच काढून ठेवला असेल, तर तो फार घाईचा आहे. ज्या वाटेने कधी गेलोच नाही ती वाट बंद आहे असे घरी बसून ठरवता येत नाही.

तुमच्या पत्नीच्या बाजूनेही थोडा विचार करून पाहा. खानदेशात सासुरवाशिणीला हक्काची सुट्टी एकच, ती म्हणजे आखाजी, अर्थात अक्षय्य तृतीया. त्या चार दिवसांत माहेरचा झोका, मैत्रिणी आणि गाणी. बाकी वर्षभर घर. तुमच्या घरी सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई असल्यामुळे गेली काही वर्षे त्या आखाजीलाही जाऊन एका दिवसात परत येतात, असे तुम्हीच ओघात लिहिले आहे. म्हणजे ज्या बाईने कित्येक वर्षांत स्वतःच्या स्वयंपाकघराबाहेर सलग दोन दिवस काढलेले नाहीत, तिच्या सुट्टीचा निर्णय तुम्ही केळीचा भाव पाहून घेत आहात.

ओंकारेश्वराविषयी एक सांगायचे राहिले. बेट हा प्रकार आपल्याला माहीत नाही असे तुम्ही म्हणता. पण ओंकारेश्वराचे मंदिर ज्या मांधाता डोंगरावर आहे, तो नर्मदेच्या पात्रातील बेटच आहे. पुलावरून किंवा नावेतून तुम्ही त्या बेटावर गेला आहात. तेव्हा क्रूझरमध्ये बारा जण होते, कोणाची चप्पल हरवली होती आणि कोणाचे मूल रडत होते, त्यामुळे तुम्हाला बेट दिसले नाही, रांग दिसली. तुमच्या दुसऱ्या पर्यायावर, म्हणजे दहाही जणांना घेऊन जाण्यावर, माझे हेच म्हणणे आहे. तो रद्द करण्याचाच एक प्रकार आहे, फक्त त्याला कोणी नाव ठेवणार नाही. मुक्काम दोघांसाठी ठरलेला आहे. दहा जण म्हणजे बोटीच्या दोन-तीन फेऱ्या, जास्तीच्या गाद्या, आणि तुमच्या पत्नी तिथेही दहा ताटे वाढताना दिसतील. घरच्या सगळ्यांना घेऊन सहलीला जरूर जावे. त्यासाठी सातपुड्यातले तोरणमाळ आहे, पाल आहे; थंडीच्या दिवसांत तोरणमाळच्या यशवंत तलावाच्या काठी दहा काय पंधरा जण मावतील. ती सहल वेगळी ठेवा आणि ही वेगळी ठेवा.

'खासगी' आणि 'शांत' या दोन शब्दांविषयीही मुलीशी एकदा मोकळेपणाने बोलून घ्या, कारण जाहिरातीतले बेट आणि खाडीतले बेट यांत अंतर असते. कोकणातल्या खाड्यांमध्ये अशी लहान बेटे बरीच आहेत. तिकडे त्यांना 'जुवे' म्हणतात, आणि राजापूर तालुक्यातील जुवे हे तर आख्खे गावच खाडीत आहे. अशा बेटावर एखाद्याच्या मालकीची नारळी-पोफळीची बाग आणि घर असू शकते, परंतु आजूबाजूचे पाणी आणि ओहोटीला उघडी पडणारी चिखलाची पट्टी कोणा एकाची नसते. ओहोटी लागली की तिसऱ्या, कालवे अशी शिंपली काढायला बायका येतील, पहाटे जाळे टाकायला होड्या येतील, बागेची राखण करणारा माणूस आणि स्वयंपाक करणारी बाई बेटावर किंवा हाकेच्या अंतरावर असतील. माणसांची चाहूलच नको अशी अपेक्षा ठेवून गेलात तर पहिल्या तासातच फसवल्यासारखे वाटेल. उलट तुम्हा दोघांना, आयुष्यभर माणसांत राहिलेल्यांना, ती चाहूल आधाराचीच वाटेल असा माझा अंदाज आहे. शांतता म्हणजे तिथे मोटारीचा, टीव्हीचा आणि 'भाऊ, जरा इकडे या' असा आवाज नसेल, इतकेच धरून चाला.

आता आई. त्यांना एकटे ठेवता येत नाही हे मान्य. पण त्या एकट्या राहणार नाहीत. घरात तुमचे धाकटे भाऊ आणि त्यांच्या पत्नी आहेत, शिवाय बहीण धरणगावला आहे. गोळ्यांच्या वेळा फक्त एकाच माणसाला ठाऊक असणे हीच मुळात जोखीम आहे, मग तुम्ही बेटावर जा अगर जाऊ नका. एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत सकाळ, दुपार, रात्र असे लिहून देवघराजवळ लावा आणि निघण्याआधी आठवडाभर गोळ्या देण्याचे काम जाऊबाईंकडे सोपवा, म्हणजे अडचण येईल ती तुम्ही घरात असतानाच येईल. आईंनाही विचारा. मोठ्या माणसांच्या नावाने आपण जितके नकार देतो, तितके त्यांनी स्वतः दिलेले नसतात. त्या कदाचित 'तठे काय शे?', म्हणजे तिथे काय आहे, म्हणून हसतील, आणि मग म्हणतील, जाऊन या.

केळीची अडचण मला जास्त खरी वाटते. घड तयार झाला, व्यापाऱ्याचा ट्रक दारात उभा राहिला आणि भाव रोज खालीवर होत असला, की शेतकऱ्याचे मन चार दिवस दुसरीकडे लागत नाही. अशा मनाने तुम्ही बेटावर गेलात तर मोबाइलला रेंज शोधत जांभ्याच्या चिऱ्यांवर फिरत राहाल. म्हणून तारीख बदला. ज्याला रद्द करायचे नाही पण तारीख हलवायची आहे, अशा पाहुण्याला जागेचे मालक सहसा नकार देत नाहीत, विशेषतः डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली तारीख तुम्ही सोडत असाल तर, कारण त्या आठवड्यात कोकणात सगळीकडे गर्दी असते आणि त्यांना दुसरे गिऱ्हाईक लगेच मिळते. त्याच आठवड्यात पलीकडच्या काठावरून रात्री बारापर्यंत स्पीकरचा आवाज पाण्यावरून येऊ शकतो, हेही लक्षात घ्या. जानेवारीचा दुसरा पंधरवडा किंवा फेब्रुवारी, आणि तोही शनिवार-रविवार सोडून, हा काळ मला योग्य वाटतो. कांदेबागेची कापणी बरीचशी उरकलेली असेल, थंडी असेल, समुद्र शांत असेल. लग्नाचा वाढदिवस महिनाभर आधी होऊन गेला याने काही बिघडत नाही. मात्र तारीख आखाजीच्या पुढे ढकलू नका. मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत किनाऱ्यावरच्या प्रवासी व पर्यटन बोटी सुरक्षेसाठी बंद असतात, आणि मेमध्ये कोकणातल्या दमट उकाड्यापुढे आपला कोरडा उन्हाळा बरा वाटतो.

तारीख ठरवताना घरातले पंचांग काढा. इथे शेतकऱ्याला शहरातल्या पाहुण्यापेक्षा जास्त कळेल. खाडीत दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. कोळ्यांचा जुना ठोकताळा असा की तिथीची पाऊणपट केली की त्या दिवशीच्या भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तिनाच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, आणि पौर्णिमा किंवा अमावास्येला साधारण साडेअकरा-बाराला. हीच वेळ दिवसा आणि रात्री दोन्हीकडे धरायची आणि भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. उथळ खाडीत ओहोटीला धक्क्याजवळ पाणी राहत नाही, बोट अलीकडेच थांबते आणि पुढची वाट गुडघाभर चिखलातून असते. तुमच्या पत्नीचे गुडघे दुखत असतील तर अष्टमीच्या दुपारी बारा वाजता तिथे पोहोचणे हा चुकीचा मुहूर्त ठरेल, तर पौर्णिमेच्या आसपास त्याच वेळी बोट थेट पायरीला लागेल. नेमकी वेळ अर्थात तिथल्या नावाड्याला विचारूनच ठरवावी. पंचांग तुम्हाला फक्त योग्य प्रश्न विचारायला उपयोगी पडेल. माझे मत विचाराल तर पौर्णिमेची रात्र निवडा. रात्री बाराच्या सुमारास उधाणाचे पाणी बागेच्या बांधाशी येऊन टेकते आणि चंद्र नेमका डोक्यावर असतो. आपल्या तापीचे पाणी असे रोज वर येऊन परत जात नाही, त्यामुळे कोरड्या मुलखातल्या माणसाला हे पाहताना बोलायला वेगळा विषय शोधावा लागत नाही.

प्रवासाचे गणित तुम्ही एका रात्रीचे मांडले आहे, ते चार दिवसांचे मांडा, म्हणजे राग कमी येईल. भुसावळवरून जाणारी मंगला एक्स्प्रेस कल्याण, पनवेल करत कोकण रेल्वेवर जाते आणि रत्नागिरीला थांबते; गाडी बदलावी लागत नाही. मात्र गाडीतून उतरून त्याच दिवशी बोटीत बसू नका. एक रात्र रत्नागिरीत साध्या लॉजवर विश्रांती घ्या, दुसऱ्या दिवशी भरती पाहून बेटावर जा. जाताना रेल्वेत एका बाकावर समोरासमोर बसून काढलेले ते तासही तुमच्या दोघांचेच असतील, आणि नुसते खिडकीबाहेर पाहत बसायचा सराव तिथेच होऊन जाईल.

पाण्याच्या भीतीला मी भित्रेपणा म्हणणार नाही. २०१९ च्या मकरसंक्रांतीला आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव तालुक्यातील भुशा येथे नर्मदेत माणसांनी भरलेली बोट उलटली आणि माणसे दगावली. ती बातमी ऐकलेल्या खानदेशी माणसाला बोट म्हटले की धडकी भरणे साहजिक आहे. म्हणून अटी घालूनच जा. प्रत्येकाला अंगावर बसणारे लाइफ जॅकेट मिळाले पाहिजे आणि ते पट्टे बांधून घातले पाहिजे, मग पाच मिनिटांची फेरी का असेना. अंधार पडल्यावर पाणी ओलांडायचे नाही. बोटीत तुमच्याबरोबर वाळूची पोती, गॅसच्या टाक्या आणि आणखी सहा जण चढवायला निघाले तर सरळ पुढच्या फेरीला थांबायचे. रात्री दुखणे उद्भवले तर काय, हा प्रश्न मालकाला आधीच विचारा: बोट रात्रभर बेटाच्या बाजूला असते की नावाडी ती घेऊन घरी जातो? १०८ ची रुग्णवाहिका फार तर धक्क्यापर्यंत येईल, ती पाणी ओलांडणार नाही. तुमच्या स्वतःच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या घ्या. याच फोनमध्ये बाकीचे विचारून टाका: कमोड आहे का, धक्क्यापासून घरापर्यंत जांभ्याच्या पायऱ्या किती आहेत, विहिरीचे पाणी मचूळ तर नाही ना, वीज खांबावरची आहे की सौर, मच्छरदाणी मिळते का. ज्या जागेचा मालक या प्रश्नांना कंटाळतो, ती जागा सोडलेली बरी.

जेवणाचा मुद्दा वेगळा काढते, कारण तुमच्या पत्रात त्याचा निकाल फारच सहज लागला आहे. भाकऱ्या सोबत न्यायच्या नाहीत. तुम्ही शाकाहारी आहात हे मालकाला आठ दिवस आधी कळवा. माशांच्या मुलखातही वरणभात, काळ्या वाटाण्याची उसळ, घावन आणि सोलकढी मिळते, आणि ती दुसऱ्या कोणीतरी रांधलेली असते. पाहुण्यांनी स्वतःच स्वयंपाक करायचा अशी ती जागा असेल, तर मुलीला सांगून जेवणाची वेगळी सोय करून घ्या. सहलीला निघताना आपल्याकडे स्टोव्ह, डाळ-बट्टीचे पीठ आणि मिरचीचा ठेचा आधी गाडीत चढतो, आणि घरातल्या बायका जागा बदलून तेच काम करतात. एक रात्र तुम्हाला तिखट कमी पडले तर पडू द्या.

मुलीच्या पैशांविषयी तुम्हाला जो संकोच वाटतो, तो मला समजतो. मुलीकडून घ्यायचे नाही, हे आपल्या पिढीच्या हाडात बसलेले आहे. परंतु आरक्षण परस्पर रद्द करून तिला पैसे वाचवल्याचे सांगणे, हा तिचा पगार वाचवण्याचा मार्ग असला तरी तिला समजून घेण्याचा मार्ग नाही. प्रवासाचा खर्च तुम्ही करा, म्हणजे तुमचा संकोचही कमी होईल आणि तिची भेटही राहील. एक गोष्ट मात्र तिलाही सांगायला हवी. तिने स्वतःला जे आवडले असते ते आई-वडिलांसाठी निवडले आहे, आणि बहुधा आईला तिनेही विचारलेले नाही. आश्चर्याचा धक्का द्यायच्या नादात ज्याला धक्का बसायचा त्याचीच पसंती राहून जाते.

आता बेटाच्या आधी करायची एक गोष्ट. तुमच्याकडे शेतीला रात्रीची लाईट असते तेव्हा तुम्ही मोटार सुरू करायला मळ्यात जाता, हे तुम्ही लिहिले आहे. येत्या आठवड्यात एखाद्या संध्याकाळी पत्नीला सोबत न्या. आपल्याकडे हिवाळ्यात भरताच्या पार्ट्या होतात. वीस-पंचवीस माणसे, काट्याकुट्यांच्या आरावर भाजलेली वांगी, बडगीत कुटलेली हिरवी मिरची आणि केळीच्या पानावर कळण्याची पुरी. तीच पार्टी दोन वांग्यांची करा. वांगी तुम्ही भाजा. पहिला अर्धा तास तुम्ही दोघेही आईच्या गोळ्या आणि भावाच्या मुलाची दहावी यांवर बोलाल, आणि त्यात काही वावगे नाही. त्यानंतर बोलणे संपेल. तिथे उठून 'चला, उशीर झाला' म्हणू नका. आर विझेपर्यंत बसा. गप्प बसणे दोघांनाही जड गेले, तर बेटावर एकच रात्र पुरे हे कळेल आणि मुलीने ती एकच ठरवली हे बरे केले असे वाटेल. जड गेले नाही, तर तुम्हाला माझ्या पत्राची गरज उरणार नाही. बेटावर काय करायचे याची यादी मात्र करून नेऊ नका. खाडीत गळ टाकून बसणे, झोपणे, वाफाळता चहा पिणे आणि पाणी किती चढले ते पाहणे यांत एक संध्याकाळ आणि एक सकाळ सहज जाते.

असाच पेच असलेल्या पण कोकणापर्यंत जाणे न जमणाऱ्या वाचकांसाठीही थोडे लिहिते, कारण बेट हे इथे निमित्त आहे. पाण्याकाठची जागा हवी असेल तर बऱ्हाणपूरच्या पलीकडे, खंडवा जिल्ह्यात इंदिरासागर धरणाच्या जलाशयावर हनुवंतिया आहे. तिथे हिवाळ्यात जलमहोत्सव भरतो, तेव्हा शांतता हवी असणाऱ्यांनी महोत्सवाचे दिवस टाळावेत. डोंगर चालत असेल तर सातपुड्यात तोरणमाळला आठवड्याच्या मधल्या वारी जावे. एका दिवसाचीच सवड असेल तर हिवाळ्यात हतनूरच्या जलाशयावर पहाटे जाऊन स्थलांतरित पक्षी पाहून दुपारी घरी परतता येते. आणि यांतले काहीच परवडत नसेल तर घरच्यांनी एक रात्र लग्नाला किंवा पाहुण्यांकडे जावे आणि दोघांनी घरीच राहावे. स्वतःचे घर रिकामे कसे दिसते हे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेले नसते. ज्या स्त्रिया हे वाचत आहेत आणि ज्यांचे यजमान असे पत्र कधीच लिहिणार नाहीत, त्यांनी विचारले जाण्याची वाट पाहत बसू नये, हेही मी इथेच सांगून ठेवते.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर, जावे की न जावे, मी अजून दिलेले नाही. माझा कौल जाण्याकडे आहे, तारीख बदलून आणि दोघांनीच. परंतु तो कौल तुमच्या पत्नींच्या होकाराशिवाय निरुपयोगी आहे, कारण त्यांना कदाचित बेटावर जायचेच नसेल. त्यांना पाण्याची भीती वाटत असेल, किंवा मिळालेले दोन दिवस बहिणीकडे नुसते झोपून काढावेसे वाटत असतील, किंवा त्यांनी फोटो पाहिल्यापासून मनात साडी निवडून ठेवली असेल. यातले काय आहे हे तुम्हाला माझ्याकडून कळणार नाही. विचारताना ताट वाढत असताना विचारू नका, भावजयीसमोर विचारू नका आणि 'जायचे का?' असे तर मुळीच विचारू नका, कारण त्या प्रश्नाला आपल्याकडे 'तुम्ही म्हणाल तसं' हे एकच उत्तर ठरलेले आहे. मुलीने पाठवलेले फोटो त्यांच्या हातात द्या आणि यात काय आवडले, कशाची भीती वाटते, एवढेच विचारा. 'तुम्ही म्हणाल तसं' तरीही आले, तर ते उत्तर धरून उठू नका. मोबाइल उलटा ठेवा आणि तिथेच बसून राहा.